"आधी सांगायचं ना, ताई!" : प्रवासातला मोबाईलचा आवाज आणि तो बंद करायला सांगणं

शेवंती

आईची केमो सुरू आहे. दर २१ दिवसांनी आम्ही दोघी मिरजेहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला जातो. मागच्या आठवड्यातली गोष्ट. स्लीपरचा डबा, आईला खालचा बर्थ, मला तिच्या वरचा मधला. आईच्या समोर पस्तिशीतला एक माणूस, एकटाच. किर्लोस्करवाडी गेली तसा तो आडवा झाला, मोबाईल छातीवर उभा धरला आणि रील बघायला लागला. आवाज उघडा.

दर पंधरा-वीस सेकंदांनी नवीन काहीतरी. ढोल, मग कुणाचं तरी भाषण, मग फोडणीचा चरचराट, मग ते एक ठरावीक खो-खो हसणं. पुढेपुढे मी त्या हसण्याची वाटच बघायला लागले, आता येईल, आता येईल म्हणून. आईनं आधी कूस बदलली. मग पदर दुमडून कानावर घेतला आणि वरून तळहात दाबून धरला. त्या हातावर आधीच्या वेळच्या सुईचा काळानिळा डाग अजून गेला नव्हता. मी वरून तो हात बघत होते आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. "अहो, जरा..." "दादा, प्लीज..." एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. सातारा मागे गेलं तरी रील चालूच. साडेबाराच्या पुढे कधीतरी त्याला झोप लागली.

खरी गोष्ट पुढे आहे. सकाळी दादरला त्याच माणसानं न सांगता आमची बॅग उचलली. आईला हाताला धरून उतरवलं, पायरी आणि फलाट यांच्यात फट होती तिथे स्वतःचा पाय आडवा ठेवला. मग मला विचारलं, "मावशींना बरं नाही का?" मी म्हटलं, केमो चालू आहे. तो एकदम थांबला. "आणि मी रात्री एवढा वेळ... आधी सांगायचं ना, ताई!"

त्या दिवसापासून मला त्याचा राग येत नाही, स्वतःचा येतो. आई तीन तास कान दाबून पडून होती आणि मी एक वाक्य बोलले नाही.

तुम्ही काय करता? नेमकं काय बोलता, कोणत्या शब्दांत, कधी? आम्हाला दोन आठवड्यांनी परत जायचंय.

बदलापूर_फास्ट

शेवंती, आधी आईंना नमस्कार सांगा.

सतरा वर्षं लेडीज डब्यात काढली, त्यातून शिकलेलं सांगते. पहिलं म्हणजे लवकर बोलायचं. पहिल्या दोन मिनिटांत बोललं तर आपला आवाज साधा असतो. अर्धा तास सहन करून बोललं की त्यात तो अर्धा तास मिसळतो, आणि समोरच्याला वाटतं ही अचानक का अंगावर आली. तिच्या लेखी आपण तोवर मजेत बसलेलो असतो.

दुसरं, "जरा आवाज कमी करा" असं मी म्हणत नाही. कमी म्हणजे एक पट्टी खाली, आणि पुढची क्लिप मुळातच मोठी असली की पुन्हा तेच. "कानात घालून बघता का?" असं विचारते. सांगितलं कमी, विचारलं जास्त. नसतील इअरफोन तर "मग आवाज बंद करून बघा ना, खाली अक्षरं येतातच." दहातल्या आठ जणी ऐकतात. उरलेल्या दोघींचं मनाला लावून घेत नाही.

राईनकाठ

मी जर्मनीत कोलोनजवळ राहते. इथे रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ, रविवारी दिवसभर. रविवारी भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारी दार वाजवतो. लांबच्या गाड्यांमध्ये शांत डबे वेगळे असतात, तिकीट काढतानाच निवडायचे. तरीही त्या डब्यात फोनवर बोलणारे भेटतात. फरक एवढाच, की बोलणाऱ्याला कुणीतरी बोटानं खिडकीवरचं चिन्ह दाखवतं आणि तो बाहेर जातो. चिन्ह आधीच चिकटवलेलं असल्यामुळे दाखवणाऱ्याला स्वतःच्या जोरावर भांडावं लागत नाही. आपल्याकडे ते चिन्ह नाही, म्हणून सगळा भार शेवंतीसारखीच्या जिभेवर येतो.

माळरान

ताई, तुम्ही बोलला नाहीत त्याची एवढी टोचणी लावून घेऊ नका. मी बोललो होतो. साध्या बसमध्ये, दुपारच्या वेळी, हात जोडून. "गाडी काय तुझ्या बापाची आहे का?" हे उत्तर आलं आणि त्यानं आवाज आणखी वाढवला. चाळीस माणसं होती गाडीत. एकजण माझ्याकडे बघेना. सगळे अचानक खिडकीबाहेर. माझा मुलगा शेजारी बसला होता, आठ वर्षांचा. घरी आल्यावर त्यानं आईला सांगितलं, "बाबांना एका काकांनी ओरडलं." आवाजापेक्षा ते चाळीस जणांचं गप्प बसणं मला जास्त लागलं. त्यानंतर मी बोलत नाही. दुसरा कुणी बोलला तर मात्र त्याच्या बाजूनं बोलतो, तेवढं ठरवून टाकलंय.

डबलबेल

माळरान, तुमचं वाचून वाईट वाटलं. हे काम प्रवाशानं प्रवाशाला सांगायचं नाहीच. ते आमचं काम होतं. मी एसटीत वाहक होतो, एकतीस वर्षं. २०२३ साली परिपत्रक आलं, गाडीत मोठ्या आवाजात मोबाईल लावायचा नाही. पण मी त्याच्या आधीपासून सांगत होतो. कसं ते लिहितो.

एका रूटला मागच्या बाकावर पोरं होती, लग्नाला निघालेली. त्यांचा डबडा स्पीकर चालू. मी पुढे तिकिटं फाडत होतो. मधल्या एका फाट्यावर म्हातारीला उतरायचं होतं. ती मागून "थांबवा रं, थांबवा" म्हणत होती, मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या माणसानं हाताला धरून सांगितलं तेव्हा गाडी दीड-दोन किलोमीटर पुढे आलेली. उन्हाळा, दुपारचे अडीच, डोक्यावर पीठाचं गाठोडं. म्हातारी मला काही बोलली नाही, खाली उतरून चालायला लागली. मी दारात उभा. तिची पाठ अजून दिसते.

तेव्हापासून ठरवलं. स्टँड सोडायच्या आधी, डबल बेल द्यायच्या आधी, मधल्या दांडीला धरून उभं राहायचं आणि सगळ्यांना एकदाच सांगायचं: "मंडळी, मोबाईल बघा, पण आवाज कानात ठेवा. कुणाला उतरायचं असलं तर मला ऐकू आलं पाहिजे." एकाकडेही बोट दाखवायचं नाही. एकट्याला सांगितलं की तो चार लोकांत उघडा पडतो आणि मग माघार घेत नाही. सगळ्यांना सांगितलं की कुणाचीच मान खाली जात नाही. त्यातूनही कुणी लावलाच तर तिकीट तपासायच्या निमित्तानं शेजारी जाऊन हळूच: "भाऊ, आपलं मघाशी ठरलंय ना." ते "आपलं ठरलंय" लई कामाला यायचं.

तर ताई, गाडीत टीसी आला की त्याला सांगा. संकोच करू नका. आणि माळरान, पुढच्या वेळी थेट वाहकाकडे जा.

धोटा

धागा वाचतोय. सगळे चांगलं लिहितायत, पण एक बाजू राहिली ती मांडतो.

माझा थोरला भाऊ इचलकरंजीत लूमवर आहे, बावीस वर्षं. ज्यांनी कधी यंत्रमागाच्या शेडमध्ये पाय ठेवला नाही त्यांना कळणार नाही. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी तो ओठांकडे बघतो. आमच्याकडे लूमवरची माणसं हाताच्या खुणांनी बोलतात. दिवसा आठ तास, कधी बारा. आता भावाला नीट ऐकू येत नाही. तो फोन स्पीकरवर टाकूनच बोलतो आणि मोठ्यानं बोलतो, कारण त्याला स्वतःचा आवाजही पुरता पोचत नाही. बसमध्ये त्याला "गावंढळ", "अक्कल नाही" असं तोंडावर म्हटलेलं मी ऐकलंय. तो हसून फोन खिशात टाकतो. घरी आल्यावर वहिनीला म्हणतो, आता बाहेर फोन उचलणार नाही.

दुसरं, आमच्या घरी एका खोलीत सहा माणसं. रात्री शिफ्टवरून सुटल्यावर घरी पोचेपर्यंतचा तास हाच काय तो स्वतःचा. त्यात एखादं गाणं ऐकलं तर तो माणूस बेपर्वा ठरतो. एसी डब्यात लॅपटॉप उघडून तासभर मीटिंग करणाऱ्या साहेबाला मात्र कुणी "कानात घाला" म्हणत नाही. त्याच्या आवाजाला काम म्हणतात. मी पुण्याला जाताना असा एकजण बघितला, त्यानं अख्ख्या डब्याला कुणाला नोकरीवरून काढायचं त्याची नावं ऐकवली.

शेवंतीताईंच्या आईंना त्रास झाला तो खराच आहे. मी फक्त म्हणतोय की आवाज करणारा प्रत्येकजण माजलेला नसतो.

बदलापूर_फास्ट

धोटा, मीटिंगवाल्या साहेबाचं शंभर टक्के पटलं. आमच्या फर्स्ट क्लासच्या मैत्रिणी हेच सांगतात. भावाचं वाचून गलबलून आलं.

पण गाण्याच्या तासाचं नाही पटलं. तुमच्या शेजारी बसलेलाही बारा तास उभं राहूनच आलेला असतो. त्याचाही तो एकच तास असतो.

आमच्या डब्यातलं सांगते. सकाळी आमच्यात भजनाचा ग्रुप असतो. टाळ, दोन अभंग, शेवटी गजर. मीही त्यात होते, नऊ वर्षं. मला त्या वीस मिनिटांवर दिवस काढता यायचा. एकदा दाराजवळची एक मुलगी रडायला लागली. नर्स होती, नाईट करून निघालेली, आमच्याच गाडीनं पुढे दुसऱ्या ड्युटीला चाललेली. म्हणाली, "मावशी, मला फक्त ठाण्यापर्यंत डोळे मिटू द्या." आमच्यातल्या दोघी चिडल्या, देवाचं नाव घेतलेलं चालत नाही का म्हणून. बाकीच्या गप्प. दुसऱ्या दिवसापासून आम्ही टाळ घरी ठेवले आणि हळू आवाजात म्हणायला लागलो, आपल्या आठजणींना ऐकू येईल एवढंच. ज्या चिडल्या होत्या त्यांतली एक ग्रुप सोडून गेली. ते बोचतं अजून. पण त्या मुलीचं तोंड आठवलं की वाटतं, बरोबर केलं.

कानसेन

मी कानाच्या तपासण्या करते, म्हणजे ऑडिऑलॉजिस्ट आहे. धोटांच्या पोस्टमुळे लॉगिन केलं.

आधी धोटा यांच्यासाठी. भावाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात होते. सततच्या आवाजानं कानाच्या आतल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. साधारण ८५ डेसिबलच्या वर आठ तास रोज असले की धोका सुरू होतो. आज गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं वाचवायला कानात प्लग घालता येतात. ते स्वस्त असतात आणि कापसाच्या बोळ्यापेक्षा खूप चांगले. भाऊ स्पीकरवर का बोलतो त्याचं तुमचं निदान बरोबर आहे. त्याच्याशी बोलताना समोरून, तोंड दिसेल असं, सावकाश आणि जरा जाड आवाजात बोला. किंचाळून बोललं की आवाज बारीक होतो, आणि नेमका बारीक आवाजच या लोकांना आधी ऐकू येईनासा होतो.

आता मोबाईलचा आवाज एवढा का टोचतो. त्याचा स्पीकर नखाएवढा. त्यातून खर्ज निघूच शकत नाही. निघतात ते वरचे सूर, आणि माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात. लहान बाळाचं किंचाळणं त्याच पट्ट्यात जोर धरतं. म्हणून गाडीचा खडखडाट मोजायला गेलं तर मोठा असूनही त्यात झोप लागते, आणि त्यावर तरंगणारं रीलचं हसणं झोपू देत नाही. शिवाय गाडीचा आवाज एकसारखा असतो, रीलचा दर पंधरा सेकंदांनी बदलतो. मेंदू दर वेळी दचकून बघतो, काय आलं म्हणून. शेवंती, तुम्ही त्या हसण्याची वाट बघत होता ना, ते हेच.

शेजारच्याचा फोन कानाला लागतो तेही असंच. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की दोन माणसांचं पूर्ण संभाषण ऐकण्यापेक्षा फोनवरचं अर्धंच संभाषण ऐकताना लक्ष जास्त विचलित होतं. पलीकडचा काय म्हणाला ते मेंदू आपोआप भरायला बघतो. आणि आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःही मोठ्यानं बोलायला लागतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये नोंदवलंय. म्हणून डबलबेल यांनी गाडी सुटायच्या आधी सांगायची जी पद्धत काढली ती फार शहाणपणाची आहे. आवाज चढल्यावर उतरवणं अवघड, चढायच्या आधी सोपं.

शेवंती, एक गोष्ट तुमच्यासाठी वेगळी. आईंना कानात शिट्टीसारखा आवाज येतो का, विचारा. सिसप्लॅटिनसारख्या काही औषधांचा कानावर परिणाम होऊ शकतो. मी इथून काही निदान करत नाही, पण येत असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शेवंती

कानसेन, मी आत्ता आईला विचारलं. ती म्हणाली, "हो, येतो की. रातकिड्यागत. मला वाटलं गाडीचाच राहिलाय कानात." दीड महिना येतोय. तिनं मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांना सांगते. तुमचे आभार कसे मानू.

पांढरी काठी

मला दिसत नाही. नालासोपाऱ्याहून अंधेरीला रोज जातो. माझा मोबाईल मला बोलून वाचून दाखवतो, हा मजकूरही त्यानंच वाचला.

तुमच्यासाठी आवाज म्हणजे त्रास किंवा करमणूक. माझ्यासाठी तो रस्ता आहे. नायगाव सोडलं की खाडीचा पूल लागतो, चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो, खालून वारा येतो. तो संपला की भाईंदर. मग घोषणा मोजत जायचं, मीरा रोड, दहिसर, बोरिवली. उतरणारे दाराकडे सरकतात त्या चपलांचा आवाज वेगळा. फलाट आला की बाहेरचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. शेजारी कुणी मोठ्यानं व्हिडिओ लावला की हे सगळं पुसलं जातं. तुमच्या डोळ्यांपुढे कुणी चादर धरावी तसं. मी दोनदा चुकीच्या स्टेशनवर उतरलोय आणि एकदा उतरायच्या ऐवजी दारातच थांबलो, कारण फलाट कुठल्या बाजूला येतोय ते कळेना.

हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात तर फार. तिथे नंबर पुकारतात. आजूबाजूला पाच मोबाईल चालू. माझा नंबर गेला की मी पुन्हा शेवटी.

धोटा यांचं मला आतून पटलं. माझ्याकडे इअरफोन नव्हता तेव्हा माझा फोनही मोठ्यानं बोलायचा आणि लोक चिडायचे. आता एका कानात घालतो. एकाच. दुसरा कान उघडा लागतो.

मी कसं सांगतो ते लिहितो. "मला स्टेशन ऐकायचंय." एवढंच. आजवर कुणी नाही म्हटलं नाही.

केवडा

सगळं पटतंय, पण एक सांगते. रात्री, एकटी असताना, समोर चार-पाच पुरुषांचा ग्रुप आणि त्यात कुणी प्यालेला असला तर मी एक शब्द बोलत नाही. बायांनो, तिथे धीट होऊ नका. जागा बदला, टीसीला शोधा, नाहीतर रेल्वेच्या १३९ ला फोन करा किंवा रेल मदत या रेल्वेच्या तक्रारीच्या ॲपवर डबा आणि बर्थ नंबर टाकून तक्रार करा. मी केली होती, दोन स्टेशनांनी माणूस आला. "ताईंनी तक्रार केली" असं त्यानं सांगू नये म्हणून तक्रारीत तेही लिहिलं होतं. त्यानं खरंच सांगितलं नाही, डब्यातल्या सगळ्यांनाच दहा वाजून गेल्याची आठवण करून दिली.

कलमदान

वकिली करतो, म्हणून हातात काय आहे ते सांगतो. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम बहुतेकांना ठाऊक आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, रात्र म्हणजे १० ते ६. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारनं तसं जाहीर केलं असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल आणि ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवरचा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल याच नियमांच्या अंमलबजावणीवर आहेत. पण हे सगळं परिसराच्या आवाजाचं, लाऊडस्पीकरचं. डब्यात समोरच्या बर्थवर वाजणाऱ्या मोबाईलला ते लावायला गेलात तर हाती काही लागत नाही.

डब्यात उपयोगाचं हे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेनं सूचना काढल्या आहेत: मोठ्या आवाजात गाणी नकोत, फोनवर मोठ्यानं बोलणं नको, रात्री १० नंतर रात्रीचा दिवा सोडून बाकीचे बंद. प्रवाशांना समजावून सांगायची जबाबदारी टीसी आणि डब्यातल्या कर्मचाऱ्यांवर आहे. कुणी ऐकतच नसेल तर रेल्वे कायद्याच्या कलम १४५ मध्ये डब्यात उपद्रव करणाऱ्यासाठी शिक्षा आहे. मुंबईत बेस्टनंही २०२३ मध्ये हेडफोनशिवाय मोबाईल वाजवायला मनाई केली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, वीस वर्षं कोर्टात काढून सांगतो, यातलं कलम तोंडावर फेकू नका. कलम ऐकलं की माणूस आवाजाचं विसरतो आणि मानापमानाचं धरतो. ते टीसीशी बोलताना वापरा. "साहेब, दहानंतरची सूचना आहे ना?" एवढं म्हटलं की त्यालाही उठायला आधार मिळतो.

माळरान

शेवंतीताई, एक विचारू का? आजाराचं कारण सांगावं की नाही? "आईची केमो आहे" म्हटलं की कुणीही बंद करेल. पण मग ज्याच्याकडे असं कारण नाही त्यानं काय करायचं? नुसती झोप हवी असणं पुरेसं नाही का?

शेवंती

माळरान, मी याच प्रश्नापाशी अडकलेय. आईला तिचा आजार डब्यात सांगितलेला आवडत नाही. लोक मग तिच्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघतात. मलाही वाटतं, रात्री झोपायचंय याला दाखला कशाला लागावा. पण वेळ आली की काय करेन, ठाऊक नाही. जाऊन आल्यावर लिहिते.

शेवंती

परवा जाऊन आलो. लिहिते म्हटलं होतं.

सांगलीत पाच पोरं चढली, कॉलेजची. स्पीकर नव्हता, पण मोबाईलवर क्रिकेटच्या क्लिपा सुरू झाल्या. मी पहिल्या मिनिटात बोलले. घसा कोरडा पडला होता, तरी बोलले. "कानात घालून बघता का? दहा वाजले की आम्ही दोघी झोपणार." कारण सांगितलं नाही. एकानं लगेच बंद केलं, दुसरा म्हणाला "हो काकू." मी चौतीसची आहे, पण चालेल.

खरा पेच समोरच्या आजोबांचा. सत्तरीच्या पुढचे. त्यांनी साडेनऊला फोनवर कीर्तन लावलं, चांगलंच मोठं. पोरं माझ्याकडे बघायला लागली, आता यांना सांगा ना म्हणून. मला धोटांचा भाऊ आठवला. मी त्यांच्या समोर जाऊन बसले, कानसेन यांनी सांगितलं तसं तोंड दिसेल असं, सावकाश, जाड आवाजात विचारलं, "आजोबा, ऐकू कमी येतं का?" ते म्हणाले, "कराडला उतरणार." पुन्हा विचारलं. मग कानाला हात लावून हसले. "मला वाटतंय की हळूच लावलंय."

माझा वायरचा इअरफोन काढून दिला. त्यांनी आधी उलटा घातला. आईनं उठून स्वतः नीट बसवून दिला. त्यांच्या कानावर पांढरे केस होते, ते बोटानं बाजूला सारून. कराड यायच्या आधी त्यांनी वायरीची घडी केली, स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. रुमालही ठेव म्हणाले, इअरफोनला घाम लागलाय म्हणून.

आई कराडला झोपली होती. लोणावळ्याला चहावाला ओरडत गेला तरी तिला जाग आली नाही.

डॉक्टरांना कानाचं सांगितलं. त्यांनी तपासणी लिहून दिली, ती काल झाली. वरचे सूर थोडे गेलेत. पुढच्या वेळी औषधाचा विचार करू म्हणालेत.

धोटा

भावाला प्लग आणून दिलेत. पहिले दोन दिवस काढून टाकले, आता घालतोय. तपासणीला गुरुवारी नेतोय.

कानसेन

रिपोर्ट मला व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करून पाठवा, दोघेही. शेवंती, केमोच्या प्रत्येक फेरीच्या आधी तीच तपासणी पुन्हा करून घ्या, मागच्या आलेखाशी ताडून बघायला.

पांढरी काठी

लोणावळ्यापर्यंत झोपल्या हे ऐकून फार बरं वाटलं. पुढची तारीख कधी?

शेवंती

२१ दिवसांनी. तिकीट काढलंय, दोन्ही खालचे बर्थ मिळालेत.